देवाच्या पाठीवरची कालवं

तुम्ही खोटी पाटी लावलीत. देवळाच्या दारात, संगमरवरी, काळ्या अक्षरांची, आणि वर देवस्थानचे कारभारी म्हणून तुमचंच नाव सगळ्यांत मोठं. ते नाव मी इथं लिहीत नाही, पाटीवर आहे तेवढं पुरे. पण त्या पाटीपुढं एका बाईचं काय झालं ते लिहितो, आणि ते तुम्हाला वाचावं लागेल.

बाई गव्हाणची. कृष्णाबाई. जन्म मिठागरात गेला, टाचा मिठानं खाल्लेल्या. आज, सत्तावन्न सालच्या चैत्री पुनवेला, ती सून शांतीला घेऊन मचव्यानं पनवेल बंदरात उतरली आणि खाडीवरच्या टेकडीकडं निघाली. खारेश्वराच्या जत्रेला. पदराच्या गाठीत मूठभर मीठ.

त्या मुठीची गोष्ट इथल्या आगरांत कुणीही सांगेल. फार मागं, उधाणात मिठागराच्या बांधाला खांड पडली. माती टाकावी ती वाहून जायची. कृष्णाबाईच्या घरातली रंभा त्या खांडीत स्वतः आडवी झाली. तिच्या पाठीला काहीतरी टेकलं. एक काळा धोंडा, खाडीतून आलेला. धोंडा खांडीत बसला आणि पाणी थांबलं. रात्री तो स्वप्नात येऊन म्हणाला, "तुझं आगर पिकेपर्यंत मी अळणी जेवीन." पुढं बांध पक्का झाल्यावर लोकांनी तो टेकडीवर नेऊन खारेश्वर म्हणून बसवला. तेव्हापासून पावसाळ्यात मिठागरं बुडाली की देवाचं ताट अळणी, आणि पुनवेला रंभाच्या घरातून नव्या मिठाची पहिली मूठ आली की देवाचा उपास सुटायचा. लोकांच्या पंगती त्यानंतर.

त्रेपन्नच्या पावसाळ्यात बांध पुन्हा फुटला. तो बांधता बांधता कृष्णाबाईचा नवरा काशीराम गेला. तीन जत्रा गेल्या, घरात मिठाचा खडा पिकला नाही. यंदा पिकला.

मचव्यात बसल्यापासून बाईच्या डोक्यात एकच भुंगा.

"शांते, मी आली नाय तवा देवाला कोनी जेवू घातला असंल गो?"

"घातला असंल कोनीतरी. देव काय तुमच्यासाठी थांबतो व्हय, आये?"

"थांबतो. तोच बोलला ना थांबतो म्हनून."

"मंग वाळून खारीक झाला असंल!"

मचव्यातली माणसं हसली. कृष्णाबाईही हसली, पण हसता हसता तिनं गाठ चाचपून बघितली. चिरनेरच्या कुणी घातलं असेल, कोन गावच्या कुणी घातलं असेल, कुणाचाही हात असो, त्या हाताला ती नमस्कार करणार होती. फक्त कोण ते कळायला हवं होतं. आणि मग यंदाची मूठ शांतीच्या हातानं वाहायची. पुढल्या वर्षी आपले गुडघे टेकडी चढतील याचा भरवसा नाही.

दारात पाटी दिसली. शांती चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचू लागली.

"श्रीमंतांच्या दिवाणांस दृष्टांत झाला व त्यांनी हा पाषाण काशीक्षेत्राहून आणून येथे स्थापिला. देवास लवण वर्ज्य आहे."

"लवन म्हंजे?"

"मीठ."

कृष्णाबाई पाटीजवळ सरकली. मग म्हणाली, "आनि रंभा?"

शांतीचं बोट खालून वर, वरून खाली फिरलं. "नाय."

"नीट बग. कोपऱ्यात बारीक लिवलं असंल."

"कोपऱ्यात पाटी कोरनाऱ्याचं नाव हाय, आये."

तरी तिला राग आला नाही, हे लक्षात घ्या. तिला नवल वाटलं. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिचा हात धरून देवाच्या पाठीमागं फिरवला होता, आणि बोट कापलं होतं. तिथं कालवांच्या शिंपांच्या खपल्या आहेत, समुद्रात दगडाला चिकटतात तशा. दिवाणानं काशीहून आणलेल्या दगडाला ती कुठं चिकटली?

गाभाऱ्याशी दयाराम गुरव समई पुसत होता.

"कृष्णाबाय! जिती हायस?"

"हाय तर. देवाला कोनी जेवू घातला, दयाराम?"

त्यानं फडका हातातच पिळला. "कोनी नाय. पयल्या वर्सी दुपार टळंपर्यंत ताट झाकून बसलो, तुजी वाट बगत. पंगती खोळंबल्या. मंग वरून हुकूम आला. मीठबीठ बंद, वाट बगायची भानगडच नको. पुढल्या वर्सी पाटी आली."

"मंग देव?"

"अळनीच."

"तवापासून?"

"तवापासून."

शांती पंगतीतून आमटीचा द्रोण घेऊन आली होती. तिनं बोट बुडवून चाटलं. "आये, ही तर मिठाची हाय."

"मंग एवढी मानसं अळनी जेवतील व्हय?" दयाराम म्हणाला, आणि मान खाली घातली.

तेव्हा ती तुमच्याकडं आली. मांडवात खुर्चीवर बसला होतात तुम्ही, गळ्यात हार.

"अहो बाई, जुन्या गोष्टी झाल्या त्या," तुम्ही म्हणालात. "देवाला मीठ चालत नाही."

"माज्या सासूचं चाललं. तिच्या सासूचं चाललं. कवापासून नाय चालत?"

"पाटी वाचा."

"वाचली. आता तुमी आत चला आनि देवाच्या पाठीवरना हात फिरवा. कालवं हात कापतील तुमचा. काशीच्या गंगेत कालवं होतात काय, सायेब?"

रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. "नारळ वाहा आणि पुढं व्हा. लोक खोळंबलेत."

ती गाभाऱ्याशी गेली, गाठ सोडली. दयारामचा हात पुढं आला होता, मी बघितला. तुम्ही मागून खाकरलात. हात परत गेला.

बाई आत घुसली नाही. तिनं मीठ शांतीच्या तळहातावर ओतलं आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. सकाळपासून थट्टा करणारी ती पोरगी सासूचा दंड धरून तिला पायरीवर घेऊन गेली आणि पाटीखालीच बसली.

"आमी हितंच हाव," शांती तुम्हाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलली. "देव जेवला का उठू."

आता माझं ऐका. देवाला मीठ वर्ज्य असेल, तर रंभाच्या घरानं पिढ्यान् पिढ्या देव बाटवला, असं त्याच संगमरवरावर कोरा. होऊ द्या गावभर बोभाटा. आणि वर्ज्य नसेल, तर पंगतीला वाट बघायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही देवाला उपाशी ठेवलंत आणि स्वतः मिठाची आमटी ओरपलीत. यातलं एकच काहीतरी खरं आहे.

ऊन चढलंय. शांतीची मूठ घामानं ओली झालीय, आणि मिठाला विरघळायला वेळ लागत नाही. त्याच्या आत खुर्चीवरून उठा आणि त्या दोघींना तोंडावर सांगा: देव जेवलाय की उपाशी आहे?