फोटोपुरतं पॅनेल

चिमीचा हुद्दा दारावरच्या पाटीवर एका ओळीत मावला नव्हता. वर ‘प्रमुख, लोकसहभाग व’ आणि खाली एकटीच पडलेली ‘भागीदारी’. पाटी बदलून घेऊ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर पाटीत काही चूक नव्हती. संस्थेत भागीदारीची अवस्था तशीच होती.

संस्था नफा न कमावणारी. लहान दुकानदारांना छपरावर सोलर पॅनेल बसवायला कमी व्याजाने कर्ज द्यायचं, हे तिचं पुण्यकर्म. चिमीने लोकांना राजी करायचं आणि इतर संस्थांशी हातमिळवणी करायची. लोकसहभाग म्हणजे सभा, सभा म्हणजे भाड्याच्या खुर्च्या आणि बिस्किटं, आणि शेवटी ‘कुणाकुणाला स्वच्छ वीज हवी?’ असं विचारून वर झालेल्या हातांचा फोटो. वीज हवी का म्हटल्यावर नको कोण म्हणेल? भागीदारीचा कार्यक्रम आणखी सोपा. दुसऱ्या संस्थेच्या साहेबासोबत करारपत्राचं एकेक टोक धरून कॅमेऱ्याकडे बघायचं. पुढे काय करायचं ते करारात नसे, म्हणून कुणी काही करतही नसे.

पहिल्याच सभेत मात्र फजितीची वेळ आली होती. कर्ज कोण घेणार म्हटल्यावर सगळे तोंडात मूग धरून बसले. तेव्हा मागच्या रांगेतून चिमीची मावशी उठली. आई गेल्यावर चिमीला हिनेच वाढवलं, शिकवलं, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा ड्रेसही हिनेच शिवला. शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान सभेच्याच गल्लीत होतं. विजेवरची तीन मशीनं होती, आणि रोज दुपारी लाइट गेली की तिन्ही गप्प.

“मी घेते,” मावशी म्हणाली. “आमची चिमी सांगतेय म्हणजे बरंच असणार.”

मग बाकीचे हात वर आले. चिमीला त्या दिवशी भरून आलं होतं, आणि ते फोटोसाठी नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात हिशेब खात्यातल्या एकाने आपल्या मेव्हण्याच्या उपाहारगृहाला कर्ज मिळवून दिल्याचं बाहेर आलं. संस्था हादरली. हादरलेल्या संस्थेला नियम लागतो. चिमीची मराठी चांगली, म्हणून तो तिनेच लिहिला: कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना कर्ज मिळणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता चिमीला मावशी आठवली, पण तोवर नियम मंजूर झाला होता. नियम करायला एक चहा पुरतो. बदलायला समिती लागते.

आता मावशीला सांगायला हवं होतं. पण त्याच दिवसांत माहितीपत्रक छापायचं निघालं, आणि संचालकांना मुखपृष्ठासाठी प्रसन्न चेहऱ्याची बाई आणि स्वच्छ छप्पर हवं होतं. गल्लीत दोन्ही एकाच ठिकाणी होतं. दाखवण्यासाठी ठेवलेलं पॅनेल सकाळी मावशीच्या छपरावर चढलं, फोटो झाला, संध्याकाळी उतरलं. माहितीपत्रकावर झळकलं, ‘मावशींचं दुकान आता सूर्यावर!’ मावशीला वाटलं, बोहनी झाली. माझ्या अर्जाचं काय, असं ती अधूनमधून विचारी आणि चिमी म्हणे, प्रक्रिया चालू आहे. शेकडो लोकांसमोर माइक धरून न अडखळता बोलणारी ही बाई मावशीसमोर तीन शब्दांत वेळ मारून न्यायला शिकली.

इकडे एका मोठ्या शाळेने मावशीला कळवलं, की दुपारी मशीनं बंद राहणार असतील तर यंदा गणवेशाचं काम देता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. एवढ्या एका कामावर दुकान वर्षभर चालायचं.

तेवढ्यात देणगीदार पाहुणे यायचे ठरले. त्यांना सभा नको होती आणि करारपत्रंही नको होती. त्यांना मुखपृष्ठावरच्या मावशी बघायच्या होत्या. संचालकांनी चिमीकडे पाहिलं. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, म्हणून चिमी म्हणाली, “नक्की.”

पॅनेल पुन्हा छपरावर चढलं. तारा मात्र पहिल्यांदाही जोडल्या नव्हत्या आणि दुसऱ्यांदाही जोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोटोत तारा दिसत नाहीत.

पाहुणे आले, दुकानात दाटीवाटीने उभे राहिले, तिन्ही मशीनं खडखडत होती, संचालक कौतुकाने मान हलवत होते. आणि रोजच्या वेळेला, इमानदारीत, लाइट गेली. मशीनं थांबली. सूर्यावर चालणारं दुकान भर उन्हात बंद पडलं. एका पाहुण्याने वर छताकडे पाहिलं. चिमीला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

मावशी शांतपणे उठली, कोपऱ्यातल्या पायाच्या जुन्या मशीनवर जाऊन बसली आणि पाय हलवू लागली. उन्हाची वीज मी संध्याकाळच्या कामाला राखून ठेवते, तिने पाहुण्यांना समजावलं. दुपारी जरा पाय हललेले बरे, या वयात गुडघे धरतात. पाहुणे विरघळले. केवढी काटकसर, केवढं शहाणपण! एका बाईंनी तर रुमाल काढला. संस्थेचा सगळा प्रसिद्धी विभाग मिळून जे खोटं इतकं गोड बोलू शकला नसता, ते मावशी एकटी, शिवण न थांबवता बोलली. चिमीसाठी बोलली, हे चिमीला कळत होतं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

पाहुणे गेले. माणसं शिडी लावून पॅनेल उतरवू लागली. मावशी दारात उभी राहून बघत होती.

“म्हणजे हे परत चाललं,” ती म्हणाली. “माझं कधी येणार?”

प्रक्रिया हा शब्द चिमीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

“येणार नाही, मावशी. तू माझी मावशी आहेस म्हणून तुला कर्ज मिळत नाही. नियम मीच लिहिलाय.”

“कधी?”

“पहिल्या सभेनंतर. आठवड्याभरात.”

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. “मी दुसरीकडे गेले असते गं. नाही म्हणाली असतीस तर मला राग आला असता, दोन दिवस. लोकांशी बोलायचा पगार घेतेस, चिमे, आणि माझ्याशी एक वाक्य बोलवलं नाही तुला.”

चिमी रडली. मावशीने तिला रडू दिलं, मग म्हणाली, झालं असेल तर आता दुसरीकडे कुठे मिळेल ते सांग.

आणि तेव्हा कुठे भागीदारी प्रमुखांना आठवलं, की गल्लीच्या तोंडाशी सहकारी बँक आहे, ती सोलरला कर्ज देते, आणि तिच्या मॅनेजरसोबत आपण करारपत्राचं टोक धरून उभे होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने मावशीचा हात धरला आणि दोघी निघाल्या. दोन वर्षांत त्या करारावर झालेलं हे पहिलं काम.

मॅनेजर सज्जन माणूस. त्याने खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि मग संकोचत मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चिमीनेच आणून दिलेलं माहितीपत्रक टाचलं होतं. मावशी प्रसन्न हसत होती, मागे पॅनेल चमकत होतं.

“यांच्याकडे आहे की सोलर,” तो म्हणाला. “एका छपरावर दोन कर्जं आम्हाला देता येत नाहीत.”

नाहीये, चिमी म्हणाली. आज दुपारी होतं, आता नाही. तसं असेल तर लिहून द्या, तुमच्या सही-शिक्क्याने, मॅनेजर म्हणाला. माझ्या वरच्यांना दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या संचालकांना विचारतीलच.

संचालक काय म्हणतील हे चिमीला ठाऊक होतं. पाटीचा प्रश्न मिटणार होता. दोन्ही ओळी एकदमच निघणार होत्या. तिने कागद ओढला आणि सवयीने सुरुवात केली: ‘सदर पॅनेल प्रात्यक्षिकाच्या अनुषंगाने तात्पुरत्या स्वरूपात...’

मावशी खांद्यावरून वाचत होती. “हे काय लिहितेस? फोटोपुरतं होतं, असं लिही.”

चिमीने ओळ खोडली आणि तसं लिहिलं. खाली सही केली, हुद्दा लिहिला. कागदावर तो एका ओळीत मावला.