सहलीतले पोहे

बस होळी भागातल्या भाज्यांच्या वाड्यांमधून निघाली तेव्हा स्वप्ना खुशीत होती. अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता. वसई पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीने एका दिवसाची सहल काढली होती: आधी भाज्यांच्या वाड्या, मग किल्ला, शेवटी अर्नाळ्याचा समुद्र. सात-सात वर्षं वसईत राहून किल्ला न पाहिलेलेच जास्त. रिकाम्या राहिलेल्या जागा पाहुण्यांना दिल्यात, असं तिच्या बाबांनी, दिनानाथांनी, सांगितलं होतं.

शेजारच्या सीटवरच्या पाहुण्या आशालताबाई एवढ्या आपुलकीने चौकशी करत होत्या, की स्वप्ना भडाभडा बोलून गेली. गोव्याच्या एका प्रयोगशाळेत शिंपल्यांवर संशोधन करायला तिची निवड झाली होती. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. आणि बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अगं, मग सांगणार कधी?"

"आज संध्याकाळी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जीभच रेटत नाही. तुम्ही बोलू नका हं."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

किल्ल्यात, छप्पर उडालेल्या चर्चच्या सावलीत, न्याहारीचे डबे उघडले.

"स्वप्ना, पोहे तू वाट," बाबा म्हणाले.

सहलीत कुणीतरी वाटायचेच, म्हणून तिने ते वाटले.

"पोहे तूच केलेस का गं?" एका जाड्या काकांनी विचारलं.

"छे, शेजारच्या काकूंनी. मला चहा येतो. तोही रोज वेगळा होतो."

काका जरा जास्तच हसले. मग एका मावशींनी उंची विचारली.

"एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर," स्वप्नाने सांगितलं. विचारलं तर अचूक सांगायची तिला सवयच होती. कडेला बसलेला चष्मेवाला तरुण मान खाली घालून "थोडेच" म्हणाला.

वाटप आटोपून ती भिंतीच्या चुन्यात शिंपल्याचे तुकडे दिसतात का बघत होती. भिंतीच्या पलीकडून मावशींचा आवाज आला, "मुलगी चुणचुणीत आहे. हर्षवर्धनला शोभेल."

स्वप्नाचा हात भिंतीवरच राहिला. पोहे. उंची. सकाळी बाबांनी नेसायला लावलेली आईची साडी. तिने वळून पाहिलं. अर्धी बस अनोळखी होती आणि ती सगळी माणसं एकमेकांना ओळखत होती.

ती तडक आशालताबाईंपाशी गेली. "तुम्ही कोण?"

"हर्षवर्धनची आई." बाई उठून उभ्या राहिल्या. "तुझे बाबा म्हणाले होते, मुलीला सगळं माहीत आहे, फक्त लाजते. तू गोव्याचं काढलंस आणि माझीच बोबडी वळली. काय बोलणार होते मी?"

अर्नाळ्यापर्यंत दोघी पुन्हा शेजारीच बसल्या. मागे अंताक्षरी रंगली होती.

किनाऱ्यावर बाबा हसत जवळ आले. "मग? कशी वाटली माणसं?"

"बाबा, मी पुढच्या सोमवारी गोव्यात रुजू होतेय. संशोधनाला. निवड झालीय."

त्यांचं हसू विझायलाही वेळ लागला. "कुणाला माहितेय?"

"आशालताबाईंना."

"त्यांना? माझ्या आधी?"

"तुम्हीही मला दाखवायचं त्यांच्याशीच ठरवलंत. माझ्या आधी."

लाट आली आणि त्यांच्या बुटांवरून गेली. त्यांनी पाय हलवले नाहीत.

"त्यांचं घर विरारला, दोनच स्टेशनांवर आहे," ते म्हणाले. "दुसरं काही बघितलंच नव्हतं मी. मुलगा कितवी शिकलाय, तेही नीट विचारलं नाही."

हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"जाणारच?"

"जाणार."

ते म्हणाले, "थांब इथेच. त्यांना मी सांगतो." आणि ओले बूट वाळूत रुतवत, पाहुणे बसले होते तिकडे चालू लागले.