वडगावच्या हौदातली भरती

परसात मोजून पाच वस्तू होत्या. मागाची एक मोडकी फणी, सुताच्या दोन रिकाम्या पेट्या, हँडल नसलेली एक सायकल आणि मी.

मित्रांनो, मी सूत रंगवण्याचा जुना हौद आहे, विटा-सिमेंटचा. बेळगावच्या वडगावात परशराम विणकराच्या घरामागे त्याच्या वडिलांनी मला गवंड्याकडून बांधून घेतले. माझ्या तळाला एक भोक आहे आणि त्याला लाकडी बूच आहे. बूच काढले की आतले पाणी निघून जाते.

माझ्यात सुताच्या लडी बुडत आणि आमसुली, मोरपंखी, हिरव्या होऊन बाहेर येत. शहापूरच्या बाजारात बायका साडी उलटसुलट करून विचारत, "रंग उतरंल काय?" दुकानदार म्हणे, "परशरामच्या हौदातला हाय. साडी फाटंल, रंग न्हाय जायचा." पुढे रंगवलेले सूत आयते मिळू लागले. मग माझ्यात पाऊस साचे, पाने पडत, डास होत. त्याचे मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. सिमेंट उन्हात तापते आणि रात्री गार होते, इतकेच.

परशरामची मुलगी श्रिया वनस्पतिशास्त्र शिकली. गेल्या पावसाळ्यात ती घाट उतरून कारवारकडच्या एका खाडीवर गेली आणि परत येताना कांदळाच्या साठ शेंगा व पोतेभर काळा चिखल घेऊन आली. कांदळ हे खारफुटीचे झाड. त्याच्या शेंगा हिरव्या काठीसारख्या लांब असतात आणि झाडावर असतानाच रुजतात. खाडीवरच्या रोपवाटिकेत कोवळी रोपे खेकडे कुरतडत होते. म्हणून ती घरी वाढवून, थोडी दणकट करून मग तिकडे लावायची, असे तिने ठरवले होते.

तिने चिखल माझ्यात पसरला, शेंगा उभ्या रोवल्या आणि खडेमीठ विरघळवून पाणी भरले. सकाळी ती बूच काढी. पाणी खालच्या टबात जाई, चिखल उघडा पडे आणि मुळांना हवा मिळे. दुपारी तेच पाणी ती पुन्हा माझ्यात ओती. दर आठवड्याला मीठ थोडे वाढवी. समुद्रापासून इतक्या लांब, वडगावात, माझ्यात रोज ओहोटी आणि भरती होऊ लागली.

"लोणचं घालतीस व्हय गं?" परशराम विचारी.

"व्हय आप्पा. मुरलं की पयली फोड तुम्हालाच."

खाडीवर फुटलेल्या बांधामागे चिखलाची एक पट्टी होती. पूर्वी तिथे कांदळवन होते. आता गावाची कमिटी ती कोळंबीच्या तळ्यासाठी देणार होती. श्रियाने एक हंगाम मागून घेतला. कमिटी म्हणाली, साठातली निम्मी, म्हणजे तीस रोपे शिमग्याला उभी दिसली तर पट्टी झाडांना सोडू, नाहीतर तळे खणू. तिथे राखण करणारे नागेंद्रअण्णा मूळचे खानापूरचे. मोजणी त्यांनी करायची होती.

दसऱ्याच्या सुमारास साठही रोपांना पाने आली होती. पट्टीवर भरतीचे पाणी किती चढते ते मोजायला श्रिया खाडीवर गेली आणि इकडे खंडेनवमी आली.

विणकराच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. माग, धोटे, फणी, हौद, सगळे धुतात. हौद वर्षभर वापरात असो वा नसो, तो रिकामा करून ब्लीचिंग पावडरने घासायचा, हा इथला रिवाज. श्रियाच्या आईने, मालुबाईने, एकेक रोप उपटून नळाखाली स्वच्छ धुतले आणि ओल्या पोत्यावर ठेवले. चिखल गटारात गेला. मला खसाखसा घासले. मग बागेतली लाल माती घालून रोपे सरळ ओळीत लावली, पिण्याचे गोडे पाणी भरले, काठाला हळदकुंकू लावले आणि झेंडू वाहिला. इतक्या मायेने मला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी श्रिया आली.

"बघ, कसा लख्ख केलाय," मालुबाई म्हणाली. "वास गेला का न्हाय?"

"आई, चिखल कुठाय?"

"गटारात. लई घाण सुटलती गं."

"मी म्हटलो हिला, पोरीला फोन लाव," परशराम म्हणाला. "तर म्हणती, हौद धुवायला परवानगी कुणाची?"

श्रिया खाली बसली. तिने एक रोप उपसून पाहिले. बारीक मुळे तुटली होती. उरलेल्यांची टोके ब्लीचिंगने पांढरी पडली होती.

"बोल की गं कायतरी," मालुबाई म्हणाली. "शिव्या दे पायजे तर."

"बूच काढ आई आधी. हे गोडं पाणी जाऊ दे."

ती रडली नाही. मालुबाईही रडली नाही. पुढे पाने पिवळी पडून पाण्यावर तरंगू लागली. श्रियाने खाडीवरून पुन्हा चिखल आणला आणि मीठ पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू केले. सकाळचे बूच आता मालुबाई काढू लागली. काढण्याआधी ती दारातून विचारी, "काढू काय?" श्रिया मान हलवी.

दिवाळीनंतर चौतीस रोपे गाडीत चढली. मी रिकामा झालो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. एखाद्याची काळजी घ्यावीशी वाटली तर तो कशात जगतो ते आधी विचारून घ्या. आपल्याला जी घाण वाटते, त्यात कोणाची तरी मुळे असतात.

शिमग्याला नागेंद्रअण्णांचा फोन आला. श्रियाने स्पीकर लावून तो माझ्या काठावर ठेवला. मालुबाई हात पुसत येऊन उभी राहिली.

"ओहोटीला मोजलो," अण्णा म्हणाले. "कमिटीची माणसं होती संगं. मग परत एकदा मोजलो."

"किती, अण्णा?"

"एकोणतीस."