बेटावरचा पाहुणा

गेल्या साली डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि इंझोरीच्या शाळेत त्यांनी विचारलं, बेट म्हणजे काय. अख्खी शाळा छपराकडे बघत बसली. आता ज्या पोरांनी गावच्या नाल्यात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नाही, त्यांनी समुद्रातल्या जमिनीचं काय सांगावं? पण साहेबाला हे सांगणार कोण. जाता जाता साहेब जानराव मास्तरांना म्हणाले, "पुढच्या वर्षी व्याख्या आल्या नाहीत, तर या शाळेला कुलूप लागेल."

जानराव त्या शाळेचे एकुलते एक मास्तर. शाळा गेली असती तरी त्यांना दुसऱ्या गावी नेमणूक मिळालीच असती, त्याची त्यांना फिकीर नव्हती. पण ही शाळा त्यांनी उकंडराव पाटलाच्या जुन्या गोठ्यात उभी केली होती. शेण स्वतः काढलं, भिंती स्वतः सारवल्या, घरोघर हिंडून आयाबापांच्या हातापाया पडून पोरं जमवली. शाळा बंद झाली की ही सगळी पोरं गुरांमागे जाणार, हे मनात आलं की मास्तरांना घास गिळवत नसे.

तेवढ्यात सरकारने एक नवी टूम काढली. व्याख्या पाठ होत नाहीत ना, मग त्या दाखवा. जऊळक्याच्या स्टेशनावर एक पेटी उतरली आणि पोहरादेवीच्या तांड्यावरचा गाडीवान हेमसिंग ती इंझोरीला घेऊन आला. पेटीत हाताने फिरवायचं एक यंत्र, त्यात कार्बाइडचा दिवा, आणि डब्या भरून हलती चित्रं. एकेक चित्र एवढं आखूड, की तळहातावरची तंबाखू मळून व्हायच्या आत संपायचं. चित्रं मुकी होती, व्याख्या मास्तरांनी म्हणायची. झाकणाच्या आत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दांडा उजवीकडेच फिरवावा. जानराव नियमाचे पक्के, त्यांनी ते दोनदा वाचलं.

खिडक्यांना गोधड्या लावल्या, पाटलाचं धोतर भिंतीवर ताणलं आणि भरदुपारी शाळेत काळोख केला. पोरं पुढे आणि मागे सगळं गाव. वर्तुळ म्हणजे काय, तर खुंटीला बांधलेली शेळी दावं ताणून गोल चरते. दावं म्हणजे त्रिज्या. गावाला ते फार पटलं, फक्त शेळी रोगट आहे एवढीच तक्रार आली. बाष्पीभवन म्हणजे काय, तर परातीतलं पाणी उन्हात आटून जातं. यात नवल ते काय, असं म्हणून लोकांनी जांभया दिल्या. मग बेट लागलं. एका नावेतून एक बारकासा माणूस जमिनीच्या तुकड्यावर उतरला. नाव निघून गेली. चारी बाजूंचं पाणी दाखवलं. शेवटी त्या माणसाने हात हलवला आणि धोतर पुन्हा पांढरं झालं.

"ज्या जमिनीच्या चहूबाजूंनी पाणी असतं, तिला बेट म्हणतात," जानराव म्हणाले.

मागून सोजरबाईचा आवाज आला. सोजरबाई म्हणजे गावचा चुलखंड. लग्न असो की मयत, पंगत तिच्या हुकुमाशिवाय बसत नसे. ती म्हणाली, "ते समजलं. पन त्या मानसाले जेवाले कोन देल्लं?"

"मावशी, ते चित्र आहे."

"चित्र हात हालवते का? माह्या घरी गनपतीचं चित्र हाय. त्यानं तं कधी हालवला नाई."

"अहो, तो कधीच घरी गेला असेल."

"तुमी पायलं काय जाताना?"

खरं म्हणजे जानरावांनी पाहिलं नव्हतं.

आता इथे इंझोरीची रीत सांगितली पाहिजे. गावात आलेला पाहुणा उपाशी असेल, तर त्याच्या मागून आलेल्याला पाट मांडायचा नाही. पाहुणा कुणाचाही असो, कसाही असो. एकदा एक बांगडीवाला देवळात झोपून राहिला, तर त्याला शोधून जेवू घालेपर्यंत वऱ्हाडाची पंगत खोळंबली होती. आणि हा बेटावरचा माणूस इंझोरीच्याच शाळेत, इंझोरीच्याच लोकांसमोर नावेतून उतरला होता. तेव्हा तो पाहुणा कुणाचा, हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईने धोतरासमोर ताट वाढून ठेवलं. माणसाने हात हलवला, ताटाला हात लावला नाही. मध्ये पाणी आहे, तो येणार कसा, हे मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. तोवर गावाची पंचाईत झाली होती. पाटलाचा जावई आला, ओसरीवर बसला, वाट पाहून पाहून उपाशीच उठला आणि पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही म्हणून गेला. उकंडराव पाटील तणतणत शाळेत आले.

"मास्तर, काही करा. तुमच्यापायी माही पोरगी रडून राह्यली."

"पण मी काय करू, पाटील?"

"ते पानी आटवाचं चित्र हाय ना तुमच्यापाशी? ते आधी लावा. पानी आटलं का मानूस चालत येईन."

जानरावांना रडावं की हसावं ते कळेना. पण जावयाचा मामला होता. त्यांनी बाष्पीभवन लावलं, परात कोरडी ठाक झाली, आणि लगेच बेट लावलं. पाणी जिथल्या तिथे. माणूस हात हलवतोय.

"तुमचं बाष्पीभवन कमजोर हाय, मास्तर," पाटील म्हणाले.

मग रोजचं तेच झालं. सकाळ झाली की गाव शाळेत, लावा मास्तर बेट, सुटला का पाहू. पाणी कोणत्या बाजूने उथळ असेल यावर पारावर भांडणं लागली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, चहूबाजूंनी पानी हाय म्हनल्यावर जाईन कोठून तो. जानराव वरून चिडत, पण जेवायला बसले की त्यांनाही तो हात दिसायचा. आपण शिकलेले, ट्रेनिंग झालेले, आणि हे काय चाललंय, असं त्यांना वाटे. आणि तरीही ते अर्धी भाकरी तशीच ठेवून उठत.

अशात डिप्टीसाहेब आले. जऊळक्यापासून बैलगाडीने हाडं खिळखिळी करत आले. गावात शिरताच पानग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा वास आला आणि साहेबांचा चेहरा जरा उजळला.

"आधी जेवण, मग तपासणी," ते म्हणाले.

"सायेब, तुमच्या आधीचा पाव्हना उपाशी हाय," सोजरबाई म्हणाली.

"कोण पाहुणा? कुठे आहे?"

"शायेत."

साहेब तरातरा शाळेत गेले. आता शाळा गेली, हे जानरावांनी मनाशी धरलं आणि बेट लावलं. माणूस उतरला, नाव गेली, हात हलला.

"हा?" साहेब ओरडले. "हा पाहुणा? या फिल्मपायी मला उपाशी ठेवता?"

"तुमचंच मानूस हाय," सोजरबाई शांतपणे म्हणाली. "तुमच्याच पेटीतून आलं. आमी तं फक्त जेवा म्हनून राह्यलो."

बाहेरून पानग्यांचा वास येतच होता. साहेबांनी संतापाने मास्तरांना बाजूला सारलं, दांडा धरला आणि दाणकन डावीकडे फिरवला. जानरावांच्या तोंडून "साहेब, उजवीकडे" एवढं निघालं, पण तोवर उशीर झाला होता.

धोतरावर माणसाने हात हलवला आणि खाली घेतला. दूर गेलेली नाव पाठमोरी परत यायला लागली. आली, काठाला लागली. माणूस उलट्या पावलांनी चालत तिच्यात चढला. नाव त्याला घेऊन गेली. बेटावर कुणी उरलं नाही.

"उलटा चालत गेला," पाटील हळूच म्हणाले.

"उपाशी मानूस कसाबी चालते," सोजरबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून पाट मांडायला गेली.

साहेब जेवले. काय जेवले म्हणता! चौथ्या पानग्यानंतर त्यांना आपलं काम आठवलं आणि त्यांनी पोरांना विचारलं, बेट म्हणजे काय. पोरांनी एका दमात सांगितलं. पाटलांनी सांगितलं. वाढणाऱ्या सुनांनी घुंगटाआडून सांगितलं. साहेबांचा घास हातातच राहिला. सोजरबाई वरण ओतता ओतता म्हणाली, "ज्या जमिनीच्या चहूबाजूंनी पानी असते, तिले बेट म्हनतात. अन तिथं कोनाले एकटं सोडू नये."

"शेवटचं पुस्तकात नाही," साहेब म्हणाले.

"मंग घाला."

साहेबांनी मान खाली घालून वरण भुरकलं आणि शाळा चालू राहील असं सांगून टाकलं. जानराव मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी पेटी पोहरादेवीच्या शाळेला निघाली. हेमसिंगने ती गाडीत चढवली. सोजरबाईने फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा पेटीवर आणून ठेवला.

"हे कोनाले?" हेमसिंगने विचारलं.

"तिथं पुन्हा उतरवतीन त्याले. उतरला का दे."

जानरावांना हसू आलं. ते चित्र आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग झाकणाआतली ती ठळक अक्षरं त्यांना आठवली आणि हसू कुठल्या कुठे गेलं. पोहरादेवीचे मास्तर दांडा उजवीकडेच फिरवणार. गाडी हलली तसे ते मागे धावले.

"हेमसिंग, तिथल्या मास्तरांना सांग. बेट दाखवून झालं की दांडा डावीकडे फिरवा म्हणावं. डिप्टीसाहेबांनी स्वतः फिरवला म्हणावं."

हेमसिंगने बैल थांबवले. "पुढं आनखी लय गावं हायत, मास्तर. तिथं बी सांगू का?"

"सगळीकडे सांग," जानराव म्हणाले.