माती न पुरलेला कोपरा

"काका, या कोपऱ्याशी तुमचं काही भांडण आहे का हो?"

प्रश्न मैत्रिणींचा होता, पुढे केलं होतं तिला. त्या तिघी बाकामागे दबून खिदळत होत्या. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज ऐकू यायचा नाही. शाळेच्या नाटकात काम केल्यापासून मात्र तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं.

माळीकाकांनी झारी खाली ठेवली. सगळी बाग कशी हिरवीगार, कुंपण तर पट्टीने आखल्यासारखं. आणि तळ्याकाठचा हा एवढासा तुकडा नुसता खडीचा, भोवती उपड्या कुंड्यांचं कडं. म्हातारा आता अंगचोरपणा करतो, असं लोक म्हणायचे.

"भांडण कसलं, जुनी ओळख आहे," काका म्हणाले. "बागेच्या आधी इथे दगडाची खाण होती. माझे वडील खडी फोडायचे. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, तेच हे तळं. मग गाड्या भरभरून माती आणली आणि बाग केली. या कोपऱ्याशी येईपर्यंत माती संपली."

"मग आता टाका की. आम्ही घमेली उचलू लागतो." ती कुंड्या ओलांडायला निघालीसुद्धा.

"पाय तिथेच थांबव, बाई."

पाय हवेतच राहिला. खाली पाहिलं तर खडी. मग नीट पाहिलं आणि पाय हळूच मागे घेतला. त्यातले चार खडे खडे नव्हते. मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी होती. तेवढ्यात एक लांब पायांचा पक्षी पंख फरफटत, कर्कश ओरडत तिच्यासमोरून पळाला.

"टिटवी. पंख मोडल्याचं नाटक करतेय, तुला लांब न्यायला," काका म्हणाले. "ही उघड्या खडीतच अंडी घालते. खाणीच्या काळापासून येतात या. उपरे म्हणशील तर आपणच."

"नाटकात हिच्यापेक्षा टिटवी बरी," मागून एक मैत्रीण पुटपुटली. पण तिघीही आता चवड्यांवर चालत होत्या.

"पिल्लं कधी निघतील?" तिने विचारलं.

"अजून बारा दिवस. आणि सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझ्या जागी ऑफिस रोज नवा माणूस पाठवणार, गवत कापायचं यंत्र देऊन. कुंड्या दिसल्या की तो आधी त्याच आवरणार. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, खड्यांना कसली राखण?" त्यांनी डोळे चोळले. "कुणाकुणाला सांगू, पोरी?"

मैत्रिणींना निरोप देऊन ती घरी निघाली. वाटेत आत्याचं घर लागलं, तिथे थांबून ती दहा मिनिटं बोलली.

घरी तीन बॅगा उघड्या पडल्या होत्या. शनिवारी मावशीकडे निघायचं होतं, समुद्राकाठच्या घरी, चांगले पंधरा दिवस. या सुट्टीसाठी ती दोन महिने दिवस मोजत होती.

"तुझे कपडे काढून ठेवलेस का? मग ऐनवेळी माझ्या डोक्यावर बसतेस," आई म्हणाली.

ती आपल्या रिकाम्या बॅगेची चेन लावून उभी राहिली.

"मी येत नाहीये."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "मैत्रिणींनी काहीतरी डोक्यात भरवलेलं दिसतंय."

"नाही बाबा. मी थांबतेय हे त्यांना अजून माहीतही नाही. बागेत टिटवीची अंडी आहेत आणि सोमवारपासून तिथे बघायला कुणी नाही. आत्याकडे राहीन, तिला विचारलंय. गवत सकाळीच कापतात, म्हणून रोज सहाला जाऊन तिथे बसणार. पिल्लं निघेपर्यंत. मावशीला मीच फोन करते."