तलावाची ओटी

कॅलेंडरात दर रविवारच्या चौकोनात एक आकडा. साडेतीन. तीन. चार.

टीव्हीशेजारी गोपीनाथांचा चष्मा. महिना झाला, तिथेच आहे.

शेजारच्या लीलाताईंचा स्टीलचा डबा, धुऊन पालथा घातलेला.

फोनवर मेसेज: ‘रविवारी सकाळी आठ ते दहा, तलावाची ओटी व हळदीकुंकू. सर्व सुवासिनींनी अगत्य यावे. इतरांनी दहानंतर श्रमदानास यावे.’

सिंधूकाकूंनी मेसेज दोनदा वाचला. काही वाटलं नाही. गोपीनाथ गेल्यापासून त्यांना काहीच वाटत नव्हतं. चहात साखर घालायची राहिली तरी त्या तसाच पीत. ‘इतर’ म्हणजे आपण, एवढं मात्र कळलं.

शाहपुऱ्याच्या तलावासाठी झटणारं हे मंडळ या हिंदी शहरातल्या मराठी घरांनी उभं केलेलं. कोणी जलपर्णी ओढी, कोणी प्लास्टिक वेची. सिंधूकाकूंनी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं काम त्यांचं. तीन वर्षं, दर रविवारी, साडेआठला. नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी, सुतकातही त्या जाऊन आल्या होत्या. तेव्हा कोणी पाहिलं नाही म्हणून कोणाला बाधलं नाही.

शनिवारी संध्याकाळी लीलाताई पोळीभाजीचा डबा घेऊन आल्या. मागे त्यांची सून केतकी.

“सिंधू, राग मानू नकोस गं. उद्या तू दहाला ये. मला काही नाही हो तसं. पण बायका असतात जुन्या वळणाच्या.”

“साडेआठला नमुना घ्यायचाय.”

“मी घेते की! बाटली बुडवायची, एवढंच ना?”

“पाण्याखाली भरायची. बूचही पाण्याखालीच लावायचं. बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो.”

“अगं बाई! मग दहाला तूच घे.”

“ऊन चढलं की आकडा फुगतो.”

“आई, मंगळवारी कोर्टात सुनवाई है ना,” केतकी म्हणाली. “तलावात येणारा गंदा नाला वळवायचा की नाही, त्याची. तीन साल का रिकॉर्ड मागितलाय कोर्टाने, हर संडे, सेम टाइम. उद्या शेवटचा. एक दिन भी गडबड झाली तर समोरचे म्हणतील, आपकी कॉपी फर्जी है, सगळी वहीच खोटी. नाला तिथेच राहील.”

“तू गप गं. फारच आगाऊ आहे आमची सून,” लीलाताई हसल्या. आजवर या घरातून निघताना त्या कुंकू लावून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. आज करंड्याकडे त्यांनी पाहिलं, आणि रिकामा डबा उचलून निघाल्या.

मंडळाने हळदीकुंकवात सगळं सुधारलं होतं. वाण म्हणून कापडी पिशवी. नारळ पाण्यात सोडायचा नाही, खणही नाही. तांदळाचे पाच दाणे तेवढे. इतकं सुधारून झाल्यावर काही राहिलंय, असं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी आठ पंचविसाला सिंधूकाकू घाटावर आल्या. हातात बाटली, खांद्याला रसायनांची पिशवी. पायऱ्यांवर वीसएक बायका, जरीच्या साड्या, मधोमध लीलाताईंचं तबक.

“सिंधू, अगं आत्ता?”

“काकूंना कोणी सांगितलं नाही वाटतं,” मागून कोणीतरी.

“सांगितलंय,” सिंधूकाकू म्हणाल्या. “बाजूला व्हा.”

आवाज वर्गात पान उघडायला सांगावं तसा. बायका बाजूला झाल्या. मानाने नव्हे, पदर पदराला लागू नये म्हणून. काकूंच्या हे लक्षात आलं. वाट मात्र मोकळी झाली, आणि त्या उतरल्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. गार होतं, असं नंतर केतकीने सांगितलं.

“निदान ओटी तरी भरू दे आधी!” लीलाताई वरून ओरडल्या.

“भर ना. मी काय तलाव अडवलाय?”

लीलाताईंनी राग गिळला आणि कुंकवाचं बोट केतकीच्या कपाळाकडे नेलं. पहिलं कुंकू नव्या सुनेला. केतकीने मान मागे घेतली.

“आधी काकूंना.”

“केतकी, चार माणसांत...”

“हो ना, चार माणसांतच. घरात तुम्ही म्हणता, मला काही नाही. तर लावा.”

बोट हवेतच राहिलं. केतकी चपला काढून पायऱ्या उतरली, काकूंच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि वही उघडली.

काकूंनी बाटली पाण्याखाली भरून बूच लावलं. रसायनं पडली तसं बाटलीतलं पाणी आधी पिवळं झालं, मग निळं. काकू एकेक थेंब मोजून सोडत, बाटली हलवत राहिल्या. वरून दोघीतिघी वाण न घेताच निघाल्या. निळा रंग गेला.

“तीन,” सिंधूकाकू म्हणाल्या.

केतकीने लिहिलं. तीन. आठ तीस.

काकू वर आल्या. निऱ्यांतून पाणी गळत होतं. लीलाताई तबक धरून तशाच उभ्या होत्या. बोटावरचं कुंकू वाळून गेलेलं.

“पुढच्या वर्षीचं आमंत्रण मी लिहिणार,” सिंधूकाकू त्यांना म्हणाल्या, आणि जलपर्णी ओढायला हातमोजे घातले.

हे हळदीकुंकू सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. तेव्हाचं आमंत्रण सिंधूकाकूंच्याच अक्षरात आहे. ‘सुवासिनींनी’खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या, आणि मंडळातल्या अश्विनी, ज्यांचे यजमान त्याच पावसाळ्यात गेले होते, त्या हळदीकुंकवाच्या रविवारी दहापर्यंत घाटाबाहेर स्कूटरवर बसून होत्या.