अंजनाबाईने फोडलेलं सील

मी एक जुना पितळी शिक्का आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढाच, पण माझा तोरा विचारू नका! नागपूरच्या एका कारागिराने मला घडवलं. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीने मला पुंडलिक रामटेके नावाच्या तरुण तपासनिसाच्या हाती दिलं. न सांगता बँकेत शिरायचं, तिजोरीच्या कुलपावर गरम लाख ओतायची आणि मला ओलं करून वर दाबायचं, हे आमचं काम. मग तपासणी होईपर्यंत मॅनेजरचीही तिला हात लावायची टाप नसे.

पुंडलिक दुर्गच्या रेल्वे खलाशाचा मुलगा. भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, त्या वर्षी आम्ही तिथे गेलो. अबब! सारं आभाळ लाल. वितळलेलं लोखंड वाहताना पाहून माझा तोरा जागच्या जागी उतरला.

तिथल्या खुर्सीपार वस्तीजवळच्या एका छोट्या बँकेत आम्ही सील लावलं, तेवढ्यात दाराशी मजुरांचा गलका उठला. कोणीतरी खिडकीतून लाख पाहिली होती. असली लाख या मजुरांनी गावाकडे जप्ती आलेल्या घरांवरच पाहिलेली. झालं! बँक बुडाली, अशी आवई उठली. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले असते, तर धडधाकट बँकही खरोखरच बुडाली असती.

नागपूरकडून विटा वाहायला आलेली अंजनाबाई सर्वांत पुढे होती. "साहेब, माया पैशावर जप्ती आणली का? माया पोरीले, चंपीले, नर्सच्या शाळेत धाडाचं हाय. आज फी नाही भरली त तिची जागा गेली!"

पुंडलिक साहेबी मराठी विसरला. "नाही वो मावशी, जप्ती नाही. तुमच्या पैशाले कोनी हात लावू नये म्हनून शिक्का मारला. पटत नाही? आत चाला, पंच म्हनून उभ्या राहा."

"असं कुठं असतं का साहेब?" मॅनेजर चपापला.

"आज असते," पुंडलिक म्हणाला.

कागद तपासून होईपर्यंत अंजनाबाईने लाखेवरची नजर काढली नाही. मग तिने बोट फिरवून पाहिलं आणि आपल्याच हाताने सील फोडलं. आत सारं जागच्या जागी होतं. फीपुरते पैसे घेऊन ती पायरीवर आली.

"हाय गा, समदं हाय! म्या डोळ्यानं पाह्यलं. जा आता कामावर."

आणि मित्रांनो, गर्दी पांगली! एका बाईच्या शब्दावर अख्खी बँक तरली. भट्टीपुढे दिपलो नव्हतो एवढा मी त्या पायरीवर दिपलो. पुढे चंपाने आपला पहिला पगार त्याच बँकेत ठेवला.

पुंडलिकराव दिल्लीला अर्थखात्यात गेले, करांची धोरणं आखू लागले. नंतर मुंबईत कारखान्यांसाठी लोकांकडून भांडवल उभारून देऊ लागले. कचेरीतून बाद झालेल्या मला त्यांनी सोबतच ठेवलं. मोठा कागद समोर आला की मला मुठीत धरून ते पुटपुटत, "हे अंजनाबाईले दाखवता येईल का?" पटलं, तरच पाकिटावर लाख ओतून मला उमटवत.

एकदा एका बड्या गिरणीचे शेअर विकायचे होते. कागद देखणा, पण आतला तोटा झाकलेला. पुंडलिकरावांनी लाख वितळू दिली, थंड होऊ दिली आणि राजीनामा लिहिला. त्या दिवशी मी कोरडाच राहिलो. एवढा मान मला दुसऱ्या कशानेही मिळाला नाही.

आता मी कपाटात काळवंडून पडलो आहे. चिंच लावून घासलंत, तर बरं वाटेल. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हाती एखादा शिक्का आला, तर तो उमटवण्याआधी दार उघडा. बाहेर अंजनाबाई उभी असेल. तिला आत बोलवा.